अपुऱ्या भाषांतराची ओढ : बालपणीचे खेळ, ॲनिमे आणि जपानी भाषेचे अध्ययन

प्रस्तावना

जपानी शिकणाऱ्यांच्या आत्मनिवेदनाला अलीकडे एक ठरीव साचा प्राप्त झाला आहे. लहानपणी व्हिडिओ गेमचा नाद, पौगंडावस्थेत ॲनिमेची म्हणजे जपानी ॲनिमेशनपट व मालिकांची गोडी, मग आवडत्या गीतांचे शब्द वहीत उतरवून घेणे आणि अखेरीस भाषेच्या वर्गात प्रवेश, असा हा क्रम असतो. निवेदन करणारा अमेरिकेतील असो, फ्रान्समधील असो वा पुण्यातील, क्रम फारसा बदलत नाही. छंदातून भाषा आली, असे त्याचे तात्पर्य सांगितले जाते आणि श्रोताही ते विनातक्रार स्वीकारतो.

जपान फाउंडेशनच्या २०२१ सालच्या पाहणीनुसार जपानबाहेरील १४१ देश व प्रदेशांत सुमारे ३८ लाख विद्यार्थी निरनिराळ्या संस्थांमधून जपानी शिकत होते. ॲनिमे, मांगा आदींची आवड हे अध्ययनामागील प्रमुख कारणांपैकी एक असल्याचेही या संस्थेच्या पाहण्यांतून वारंवार पुढे आले आहे. परंतु येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. एक तर या पाहणीची प्रश्नावली शैक्षणिक संस्था भरतात, विद्यार्थी नव्हे. आणि कारणे सांगताना एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मुभा असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आवड आधी होती आणि भाषा नंतर आली, एवढ्याने घटनांचा क्रम सिद्ध होतो, कार्यकारणभाव नव्हे. जगभरातील असंख्य मुलांनी हेच खेळ खेळले, हीच चित्रे पाहिली आणि जपानीचे एक अक्षरही शिकले नाही. त्यांचे आत्मनिवेदन कोणी लिहीत नाही.

तेव्हा प्रश्न असा उरतो की, त्याच छंदातून काहींना भाषेची वाट सापडते आणि बहुतेकांना सापडत नाही, हे कशामुळे? प्रस्तुत लेखातील प्रतिपादन असे की, हे खेळ आणि ही चित्रे भाषा शिकवीत नाहीत. भाषांतरात काहीतरी राहून गेले आहे याची जाणीव ती करून देतात, आणि ही जाणीव जेथे तीव्र होते तेथेच भाषेची ओढ निर्माण होते. भाषांतर जितके गुळगुळीत, तितकी ही वाट बुजलेली.

गंधहीन माल

जपानी अभ्यासक कोइची इवाबुची यांनी 'रीसेंटरिंग ग्लोबलायझेशन' (२००२) या ग्रंथात 'सांस्कृतिक गंध' अशी एक संकल्पना वापरली आहे. जपानने जगाला विकलेली उपभोग्य यंत्रे, चित्रकथा व कार्टूनपट आणि संगणकीय खेळ यांना मूळ देशाचा गंध येत नाही, किंबहुना तो येऊ नये अशीच त्यांची घडण असते, असे त्यांचे निरीक्षण आहे. भारतातील अनुभव या निरीक्षणास पुष्टी देणारा आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी दाखवली गेलेली 'जंगल बुक' ही मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेची १९८९ सालची निर्मिती होती. गुलजार यांचे शीर्षकगीत आणि शेरखानला लाभलेला नाना पाटेकरांचा आवाज यांमुळे ती इतकी आपली झाली की, तिच्या जपानीपणाचा पत्ता बहुसंख्य प्रेक्षकांना अनेक वर्षे नव्हता. किपलिंगची इंग्रजी कथा, जपानी रेखाटन आणि हिंदी संवाद अशा त्रिवेणी संगमातील मधली नदी सरस्वतीप्रमाणे गुप्तच राहिली.

२००५ पासून भारतीय वाहिनीवर हिंदीतून आलेल्या 'डोरेमॉन'चे उदाहरण याहून बोलके आहे. नोबिताचे घर, तेथील ततामीच्या चटया, सरकती दारे, दप्तराची घडण, सारे जपानी. भाषा मात्र अस्खलित हिंदी. या मालिकेने मुलांना भाषा शिकवली यात शंका नाही, पण ती जपानी नव्हे. फेब्रुवारी २०१३ मध्ये बांगलादेश सरकारने हिंदीत डब केलेल्या 'डोरेमॉन'चे प्रक्षेपण थांबवले, ते मुले घरात हिंदी बोलू लागल्याच्या तक्रारींमुळे. जपानी मांजर ढाक्यातील मुलांना हिंदी शिकवते, ही घटना भाषाध्यापकांनी विसरू नये अशी आहे. मूल जी भाषा ऐकते ती शिकते. चित्र कोणत्या देशाचे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. महाराष्ट्रातील मराठी घरांतही शाळेपूर्वीची हिंदी बऱ्याच अंशी याच मार्गाने आली, हे पालकांना सांगावयास नको.

लॉरेन्स व्हेनुटी यांनी भाषांतराचे जे दोन प्रकार कल्पिले, वाचकाला आपलेसे वाटेल असे करणारे आणि परकेपण राखणारे, त्यांतील पहिल्याचे हे टोक होय. अशा भाषांतरात प्रेक्षकाला काही कमी पडत नाही. ज्याला काही कमी पडत नाही तो शोधावयास निघत नाही.

मात्र झाकणे नेहमी साधतेच असे नाही. 'पोकेमॉन'च्या सुरुवातीच्या अमेरिकी रूपांतरात ब्रॉक हे पात्र हातात धरलेल्या भाताच्या त्रिकोणी गोळ्यांना जॅम भरलेले डोनट म्हणते. डोळ्यांना ओनिगिरी दिसते, कानांना डोनट ऐकू येते. अमेरिकी मुलाला ओनिगिरी हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण आपल्याला सांगितले जाते ते खरे नाही, एवढे कळण्यास शब्द ठाऊक असावा लागत नाही. पुढे या प्रसंगाची जी अविरत थट्टा झाली तिच्या मुळाशी ही फसवणुकीची जाणीव आहे. येथे गंध प्रथम येतो.

गहाळ आकडे

खेळांच्या बाबतीत ही जाणीव अधिक ठळकपणे, अक्षरशः आकड्यांत दिसते. 'फायनल फँटसी' या खेळमालेचा चौथा भाग १९९१ साली अमेरिकेत आला तो 'दुसरा' म्हणून. कारण मूळचे दुसरा व तिसरा हे भाग तेथे प्रसिद्धच झाले नव्हते. १९९२ सालचा पाचवा भाग वगळला गेला. १९९४ सालचा सहावा भाग 'तिसरा' या नावाने विकला गेला. आणि १९९७ साली सातवा भाग मात्र आपल्या खऱ्या क्रमांकानिशी दुकानात आला. तिसऱ्यानंतर एकदम सातवा! बारा-तेरा वर्षांच्या खेळाडूला यातून कळले ते असे की, आपल्याला माहीत असलेली कथा ही एका मोठ्या कथेचा तुकडा आहे आणि उरलेली एका अशा भाषेत आहे जी आपल्याला वाचता येत नाही.

या गहाळ भागांनी जे घडवले ते भाषाशिक्षणाच्या इतिहासात नोंदवावे असे आहे. पाचव्या भागाचे अधिकृत इंग्रजी रूप १९९९ साली आले, पण त्याआधीच, १९९७ च्या सुमारास, हौशी खेळाडूंच्या एका गटाने त्याचे भाषांतर करून ते खेळात बसवले होते. जपानमध्ये २००६ साली आलेल्या 'मदर ३' या खेळाला अधिकृत इंग्रजी अवतार मिळाला नाही. २००८ साली क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक भाषांतरकाराच्या पुढाकाराने हौशी गटानेच ते काम तडीस नेले. अशा उपक्रमांत कोणी शब्दकोश घेऊन बसले, कोणी खेळाच्या स्मृतिपट्टीत इंग्रजी अक्षरे कशी मावतील याची गणिते केली. या कृतींची कायदेशीर बाजू निर्विवाद नाही. पण विनामोबदला, शब्दाशब्दावर वाद घालीत हजारो ओळींचे भाषांतर करणे, ही भाषेच्या अभ्यासाची कोणत्याही वर्गाला हेवा वाटावा अशी पद्धत आहे.

खेळ आणि चित्रपट यांत आणखी एक मूलभूत भेद आहे. चित्रपट न कळताही पुढे सरकतो. खेळ अडून बसतो. १९८६ सालच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये राजाशी बोलावयाचे तर 'हानासु' हा शब्द निवडावा लागतो, शत्रू समोर आला की लढणे म्हणजे 'ताताकाउ' आणि पळणे म्हणजे 'निगेरु' यांतून एक वेचावे लागते. चुकीचा शब्द निवडला तर पात्र मरते. शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा परिणाम यांची इतकी घट्ट सांगड पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळेल. शिवाय त्या काळातील खेळांची स्मृतिक्षमता अपुरी असल्याने त्यांत चित्रलिपीची चिन्हे, म्हणजे कांजी, नसत. मजकूर काना या उच्चारानुसारी लिपीत असे. १९९६ सालचा पहिला 'पोकेमॉन' खेळही पूर्णपणे कानात होता आणि त्यात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली असे. कांजीचा पर्याय त्या मालेत २०१० साली आला. यंत्राच्या दारिद्र्यामुळे परक्या वाचकासाठी एक प्राथमिक वाचनमालाच अनायासे तयार झाली, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रात मात्र हे दार त्या काळी उघडले नाही. नव्वदच्या दशकात येथे टीव्हीला जोडण्याचे जे स्वस्त खेळयंत्र घराघरांत आले, त्यासोबतच्या कॅसेटांत 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' यांसारखे उड्या मारण्याचे व गोळ्या झाडण्याचे खेळ असत. त्यांत वाचण्यासारखे काही नव्हते. हेही खेळ जपानी होते, मुलांनी ते उन्हाळ्याच्या सुट्टीत तासन्‌तास खेळले, पण भाषेच्या दृष्टीने हाताशी काही लागले नाही. छंदापेक्षा छंदातील मजकूर महत्त्वाचा, हे यावरून स्पष्ट व्हावे.

'मी' कोण?

ॲनिमेतील भाषेची ओढ लागते ती मुख्यतः उपशीर्षकांसह मूळ आवाज ऐकू लागल्यावर. कान आणि डोळा यांच्यात तेव्हा एक विसंगती उत्पन्न होते. पात्र लांबलचक बोलते आणि खाली तीनच शब्द उमटतात; दोन पात्रे अगदी निराळे बोलतात आणि खाली एकच वाक्य दिसते.

ही विसंगती सर्वाधिक जाणवते ती प्रथमपुरुषी सर्वनामात. 'डोरेमॉन'मधला नोबिता स्वतःला 'बोकु' म्हणतो, दांडगट जियान 'ओरे' म्हणतो. 'ड्रॅगन बॉल'चा नायक गोकू आणि शिनचॅन हे दोघे 'ओरा' हे ग्रामीण वळणाचे रूप वापरतात. हिंदीत हे सारे 'मैं' होतात, मराठीत 'मी' होतील. शिनचॅनच्या बाबतीत आणखी एक गंमत हरवते. घरी परतणाऱ्याने 'तादाइमा' म्हणावयाचे आणि घरातल्याने 'ओकाएरी', असा जपानी शिष्टाचार आहे. हा मुलगा घरात शिरताना स्वतःच 'ओकाएरी' म्हणतो आणि आई त्याला दुरुस्त करते. हा विनोद कळण्यास दोनच शब्द पुरतात, पण ते दोन शब्द जपानीच असावे लागतात.

ओसाका विद्यापीठातील भाषावैज्ञानिक सातोशी किन्सुई यांनी अशा बोलींना 'याकुवारिगो', म्हणजे भूमिकेची भाषा, असे नाव दिले आणि २००३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. ॲनिमेतील वृद्ध शास्त्रज्ञ स्वतःला 'वाशी' म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी 'जा' लावतो. प्रत्यक्षात जपानमधील कोणताही प्राध्यापक प्राध्यापक आहे म्हणून असे बोलत नाही. किन्सुई यांच्या मते याचे मूळ एदो काळात आहे. एदो शहरातील तरुण पूर्वेकडील बोली बोलू लागले तरी वैद्य, विद्वान इत्यादी वडीलधारी मंडळी प्रतिष्ठेची पश्चिमी बोली धरून राहिली. नाटकांनी आणि विनोदी वाङ्मयाने त्यांची नक्कल केली आणि ती नक्कल कॉमिकपर्यंत येऊन पोहोचली. जी भाषा कोणी बोलत नाही पण सर्वांना समजते, तिच्यावर ॲनिमेचा संसार उभा आहे.

येथेच या छंदाची मोठी मर्यादाही आहे. ॲनिमेतून भाषा उचललेला विद्यार्थी 'ओरे' आणि 'ओमाए' ही सर्वनामे घेऊन वर्गात येतो आणि शिक्षकांनाच 'ओमाए' म्हणून मोकळा होतो. ऐतिहासिक नाटके पाहून मराठी शिकलेल्या परदेशी माणसाने बँकेच्या खिडकीशी उभे राहून 'कोण आहे रे तिकडे' अशी हाक द्यावी, तसे हे आहे. उलट पाठ्यपुस्तकाची अडचणही खरी आहे. भारतातही अनेक ठिकाणी वापरात असलेले 'मिन्ना नो निहोंगो' हे पुस्तक आदरार्थी क्रियारूपांनी सुरू होते. क्रियापदाचे मूळ रूप अठराव्या पाठात आणि आप्तांमधील साधी बोली विसाव्या पाठात येते. म्हणजे विद्यार्थ्याने वर्षानुवर्षे ऐकलेले 'इकु' त्याला पुस्तकात 'इकिमासु' म्हणून भेटते आणि आपले सारे ऐकणे वाया गेले, अशी त्याची समजूत होते. पुस्तकाचा क्रम चुकीचा नाही. परक्याने आधी अदबीने बोलावयास शिकावे हेच इष्ट. पण विद्यार्थ्याच्या कानात आधीपासून असलेल्या भाषेचे काय करावयाचे, याचे उत्तर या पुस्तकाजवळ नाही.

ते उत्तर कधी कधी चित्रपटांतच सापडते. माकोतो शिनकाई यांच्या २०१६ सालच्या 'युअर नेम'मध्ये खेड्यातील मित्सुहा ही मुलगी तोक्योतील ताकी या मुलाच्या शरीरात जागी होते. मित्रांसमोर ती स्वतःला 'वाताशी' म्हणते, मित्र चमकतात, ती 'वाताकुशी' म्हणते, ते अधिकच चमकतात, मग 'बोकु', आणि 'ओरे' म्हटल्यावर त्यांचे समाधान होते. इंग्रजी उपशीर्षकांना येथे घाम फुटतो, कारण त्या भाषेजवळ एकच 'आय' आहे. मराठीची स्थिती निराळी आहे. 'मी वाट चुकले' म्हणून जीभ चावून 'चुकलो' म्हणणारी मुलगी मराठी प्रेक्षकाला तत्काळ कळेल. मराठीत लिंगभेद क्रियापदात असतो, जपानीत तो सर्वनामात डोकावतो. परंतु मराठी भाषांतरही अर्धेच जमेल. कारण 'वाताशी' आणि 'वाताकुशी' यांतील अंतर स्त्रीपुरुषाचे नाही, औपचारिकतेचे आहे, आणि 'बोकु' व 'ओरे' यांतील अंतर दोन प्रकारच्या पुरुषपणाचे आहे. 'मी'ची ही चार घरे मराठीत नाहीत. सव्वा मिनिटाचाही नसेल असा हा प्रसंग सर्वनामावरील एका व्याख्यानाचे काम करतो.

वाक्यान्तीच्या अव्ययांचेही असेच आहे. जपानी 'ने' आणि मराठी 'ना' यांचे काम जवळजवळ एक आहे. मात्र मराठीतील 'गं' आणि 'रे' ऐकणाऱ्याचे लिंग सांगतात, तर जपानी संवादांतील 'वा' आणि 'झो' बहुधा बोलणाऱ्याचे. मराठी विद्यार्थ्याला ही तुलना इंग्रजीच्या कुबड्यांशिवाय करता येते. दुर्दैवाने त्याला जपानी बहुतेक वेळा इंग्रजीतूनच शिकवली जाते. क्रियापद शेवटी येणे, नामानंतर प्रत्यय लागणे, इतकेच नव्हे तर काना लिपीचा आ-इ-उ-ए-ओ आणि का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा हा क्रमसुद्धा संस्कृत वर्णमालेवरून, बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आलेला आहे. 'ह'ची ओळ 'प'च्या जागी बसली आहे, कारण प्राचीन जपानीत तिचा उच्चार 'प' असा होता. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला हे एका तासात सांगता येईल. ते सांगितले जात नाही.

छंदाची प्रतिष्ठा

पु. ल. देशपांडे यांनी वयाच्या पन्नाशीत शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकून घेतली, याचे महाराष्ट्राला आजही कौतुक आहे. रवींद्रनाथांचे वाङ्मय मुळातून वाचावे, ही त्यामागील ओढ होती. भाषांतरे उपलब्ध असतानाही ती अपुरी वाटणे, हेच तेथेही मूळ कारण. फरक एवढाच की रवींद्रनाथांच्या नावापुढे कोणी हसत नाही आणि 'पोकेमॉन'च्या नावापुढे हसू आवरत नाही. दोन कृतींची वाङ्मयीन योग्यता समान आहे असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. पण ओढीची जात एकच आहे, आणि अध्यापकाला विद्यार्थ्याच्या ओढीशी कर्तव्य असते.

पुण्यात जपानीच्या अध्यापनाची परंपरा जुनी आहे. यंत्रोद्योग आणि पुढे माहिती तंत्रज्ञान यांतील भाषांतराच्या कामामुळे ती वाढली. त्या परंपरेतील शिस्त, परीक्षांची तयारी, तांत्रिक मजकुराचा सराव यांचे मोल मोठे आहे. परंतु नोकरीसाठी आलेला विद्यार्थी आणि ॲनिमेमुळे आलेला विद्यार्थी यांची अडचण एके ठिकाणी समान होते, आणि ते ठिकाण म्हणजे कांजी. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या २००९ पर्यंतच्या रचनेत सर्वांत खालच्या पातळीसाठी सुमारे १०० कांजी व ८०० शब्द, तर सर्वांत वरच्या पातळीसाठी सुमारे २,००० कांजी व १०,००० शब्द अपेक्षित असत. या चढावर ऐकीव भाषा फारशी कामी येत नाही. वाचण्याची सवय असेल तरच माणूस टिकतो, आणि म्हणून ॲनिमे पाहणाऱ्यापेक्षा मजकुराचे खेळ खेळणारा किंवा मांगा वाचणारा अधिक दूर जाईल असे मानण्यास जागा आहे. मुलांच्या व किशोरांच्या मांगात कांजीच्या बाजूला बारीक कानात उच्चार छापलेला असतो. पडद्यावर ती सोय क्वचितच असते.

हायाओ मियाझाकी यांचा २००१ सालचा 'स्पिरिटेड अवे' पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की, चेटकीण युबाबा चिहिरो या मुलीचे नाव हिरावून घेते आणि तिला 'सेन' करते. उपशीर्षकांवरून वाटते की एक नाव गेले आणि दुसरेच दिले गेले. कागदावर घडते ते वेगळे. करारपत्रावरील नावाची चिन्हे युबाबा एकेक करून उचलते आणि एकच मागे ठेवते, ते 'हजार' या अर्थाचे. 'चिहिरो'तील 'चि' आणि 'सेन' हे त्या एकाच चिन्हाचे दोन उच्चार आहेत, एक देशी, एक चिनी वळणाचा. म्हणजे मुलीजवळ तिच्याच नावाचा तुकडा उरला आहे, फक्त तो परक्या आवाजात उच्चारला जातो. देवनागरीसारख्या उच्चारानुसारी लिपीत हे दाखवता येत नाही, उत्तम भाषांतरकारालाही नाही. 'हजार'चे ते चिन्ह जपानी मुले पहिल्या इयत्तेत शिकतात आणि येथील विद्यार्थी पहिल्या वर्षीच. 'हिरो'चे चिन्ह मात्र प्राथमिक शाळेच्या यादीत नाही. त्यासाठी माध्यमिक इयत्तांपर्यंत थांबावे लागते.